जी लीग बघायला सुरुवात कुठून करायची? नवीन लोकांसाठी पायरी पायरीने

एनबीए ही अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग फॉलो करणारे आपल्याकडे आता भरपूर आहेत, पण जी लीगचा विषय निघाला की बहुतेक जण "ती एनबीएची बी टीम ना" म्हणून पुढे जातात. मला ही लीग मनापासून आवडते आणि ज्यांनी अजून बघितली नाही त्यांनी एक सीझन तरी बघावी असं फार वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. बास्केटबॉलचे बेसिक नियम आणि एनबीएच्या चार-पाच टीमची नावं माहिती असली तरी पुरे. फक्त एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा, इथे कोणती टीम जिंकली हे दुय्यम असतं, कोण वर गेला, कोण खाली आला आणि कोण अजून वाट बघतोय हे मुख्य असतं, त्यामुळे ही लीग बघायची पद्धतच वेगळी आहे आणि ती पद्धत नाही समजली तर दोन मॅच बघून तुम्ही सोडून द्याल.

आधी लीगची ओळख

२००१ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या छोट्या शहरांत आठ टीम घेऊन ही लीग सुरू झाली, तेव्हा नाव होतं नॅशनल बास्केटबॉल डेव्हलपमेंट लीग. २००५ ला ती एनबीए डेव्हलपमेंट लीग झाली, सगळे तिला डी लीग म्हणायचे, आणि २०१७ ला गेटोरेड या स्पोर्ट्स ड्रिंकची स्पॉन्सरशिप आली तेव्हा डी जाऊन जी आला. जुन्या व्हिडिओत डी लीग ऐकलंत तर गोंधळू नका, लीग तीच. २०२४-२५ ला फिनिक्सची व्हॅली सन्स आली आणि एनबीएच्या तीसच्या तीस टीमना आपापली जी लीग टीम मिळाली, एकतिसावी मेक्सिको सिटीची कॅपिटानेस, तिच्यावर एनबीएची कुठलीच मुख्य टीम नाही.

इथे फक्त प्लेअर तयार होतात असं पण नाही. २०१९ ला टोरांटोला एनबीए जिंकून देणारा कोच निक नर्स आधी आयोवा एनर्जी आणि रिओ ग्रँड व्हॅली व्हायपर्स या दोन्ही टीमना डी लीगचं टायटल देऊन वर गेला. बॉस्टनबरोबर २०२४ ला जिंकलेला कोच जो माझुला आधी मेन रेड क्लॉज या डी लीग टीममध्ये असिस्टंट होता. एनबीएचे नवीन रेफरी पण इथूनच जातात. म्हणजे कोर्टवर आणि बेंचवर जेवढी माणसं दिसतात त्यातला जवळपास प्रत्येक जण वरच्या नोकरीसाठी परीक्षा देत असतो, आणि ते त्यांच्या खेळण्यात दिसतं हो, लूज बॉलवर उडी मारणारी माणसं इथे जरा जास्तच दिसतील.

एका जर्सीतले तीन प्रकारचे प्लेअर

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळी लीग यावर उभी आहे.

समजा तुम्ही स्टॉकटन किंग्जची मॅच लावलीत, ही सॅक्रामेंटो किंग्जची जी लीग टीम. कोर्टवर पाच जण सारख्याच जर्सीत आहेत, पण त्यांचे करार तीन वेगवेगळ्या प्रकारचे असू शकतात.

पहिला प्रकार म्हणजे असाइनमेंटवर आलेला. त्याचा करार एनबीए टीमचा, पगार एनबीएचा, फक्त वर खेळायला मिळत नाही म्हणून टीमने त्याला मिनिटं मिळावीत यासाठी खाली पाठवलंय, परवा परत बोलावतील. करिअरच्या पहिल्या तीन वर्षांत टीम कितीही वेळा असं पाठवू शकते. पास्कल सियाकाम २०१६ ला ड्राफ्टमध्ये (एनबीए टीम आळीपाळीने नवीन प्लेअर निवडतात त्यात) सत्ताविसाव्या नंबरवर निवडला गेला, टोरांटोने त्याला आपल्या खालच्या टीमकडे, रॅप्टर्स ९०५ कडे पाठवलं, २०१७ ला तो तिथे फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेअर) झाला आणि दोन वर्षांनी एनबीए चॅम्पियन टीमचा मुख्य प्लेअर. खाली पाठवणं म्हणजे शिक्षा हा समज सियाकामकडे बघून तरी सोडून द्यावा.

दुसरा प्रकार टू-वेवाला. हा करार २०१७ मध्ये सुरू झाला, आधी प्रत्येक एनबीए टीमला असे दोन जण ठेवता यायचे, २०२३ पासून तीन. हा प्लेअर वर-खाली दोन्हीकडे खेळतो, एनबीएच्या जास्तीत जास्त ५० मॅचमध्ये त्याला टीममध्ये घेता येतं, आणि पगार एनबीएच्या नवख्या प्लेअरच्या किमान पगाराच्या निम्मा. २०२४-२५ ला तो साधारण ५ लाख ७८ हजार डॉलर होता. पण करार टू-वेचाच राहिला तर एनबीएच्या प्लेऑफमध्ये (रेग्युलर सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) खेळता येत नाही, त्यासाठी टीमला तो पूर्ण करारात बदलावा लागतो, म्हणून मार्चच्या आसपास चांगल्या टू-वेवाल्यांचं काय होतंय याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

तिसरा प्रकार साध्या जी लीग करारावरचा, आणि माझ्या मते लीगचा जीव यांच्यातच आहे. बहुतेकांना वाटतं की स्टॉकटनमध्ये खेळणारा म्हणजे सॅक्रामेंटोचा माणूस, तसं अजिबात नाही, त्याचा करार लीगशी असतो आणि एनबीएची कुठलीही टीम त्याला उचलू शकते, अगदी सॅक्रामेंटोची सगळ्यात कट्टर प्रतिस्पर्धी पण. सॅक्रामेंटोने त्याला दोन महिने घाम गाळून शिकवलं आणि मायामीने फोन करून नेलं असं होऊ शकतं, होतं. २०२४-२५ ला या प्लेअरचा सीझनचा बेसिक पगार होता ४३ हजार डॉलर, वर राहायला घर आणि इन्शुरन्स. यातल्या बऱ्याच जणांना युरोपात किंवा चीनमध्ये याच्या कितीतरी पट पैसे मिळतील. तरी ते थांबतात, कारण फोन आला तर इथे आधी येणार.

आता त्या फोनची किंमत बघा. ५ जानेवारीपासून एनबीए टीमना दहा दिवसांचे करार करता येतात. २०२४-२५ ला नवख्या प्लेअरला अशा एका कराराचे साधारण ६६ हजार डॉलर मिळायचे. म्हणजे दहा दिवसांत जी लीगच्या अख्ख्या सीझनपेक्षा जास्त. एकाच टीमबरोबर असे दोनच करार करता येतात, तिसऱ्या वेळी एकतर सीझन संपेपर्यंतचा करार द्यायचा नाहीतर सोडून द्यायचं. हे एकदा समजलं की जानेवारीतल्या मंगळवारच्या अर्ध्या रिकाम्या हॉलमधली मॅच पण तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

अजून एक शब्द सारखा कानावर पडेल, एक्झिबिट १०. ट्रेनिंग कॅम्पला एनबीए टीम काही जणांना या करारावर बोलावते, मग सोडून देते, आणि तो प्लेअर त्यांच्याच जी लीग टीममध्ये ६० दिवस राहिला तर वेगळा बोनस मिळतो, २०२४-२५ ला हा बोनस जास्तीत जास्त ७७,५०० डॉलर होता. ऑक्टोबरमध्ये "अमुक टीमने अमक्याला घेतलं आणि त्याच दिवशी काढलं" अशी बातमी दिसली की समजायचं की त्याला खालच्या टीममध्ये बसवायची तयारी चाललीय, त्याचं काही बिनसलेलं नाही.

एक टीम पकडा, आणि त्यातला एक प्लेअर

३१ टीम एकदम फॉलो करायला जाऊ नका, कंटाळाल. सोपा रस्ता म्हणजे तुमच्या आवडत्या एनबीए टीमचीच खालची टीम घ्या. लेकर्सवाल्यांना साउथ बे लेकर्स, वॉरियर्सवाल्यांना सँटा क्रूझ वॉरियर्स, सेल्टिक्सवाल्यांना मेन सेल्टिक्स. फायदा असा की वरच्या मॅचमध्ये बेंचच्या टोकाला बसलेला अनोळखी मुलगा कोण आहे हे तुम्हाला आधीच माहिती असतं.

आवडती टीम ठरलेली नसेल तर मी तीन नावं सुचवते. रिओ ग्रँड व्हॅली व्हायपर्स, टेक्ससमध्ये मेक्सिकोच्या सीमेजवळ एडिनबर्ग नावाच्या गावातली, ह्यूस्टन रॉकेट्सची टीम, २०१०, २०१३, २०१९ आणि २०२२ अशी चार टायटल, आणि थ्री पॉइंटचा मारा करायची जी पद्धत आज सगळे वापरतात तिचे टोकाचे प्रयोग यांनी फार आधी करून बघितले. दुसरी रॅप्टर्स ९०५, कॅनडात मिसिसागाला खेळते आणि ९०५ हा टोरांटोच्या उपनगरांचा फोन कोड आहे. तिसरी स्टॉकटन किंग्ज, २०२५ ची चॅम्पियन, फायनलमध्ये ऑसीओला मॅजिकला २-१ ने हरवलं. ही घ्यायला आपल्याला आणखी एक कारण आहे, ते पुढे सांगते.

टीम ठरली की तिचं रोस्टर (प्लेअरची यादी) उघडा आणि तिसऱ्या प्रकारातला एक जण निवडा. स्टार नको, असाइनमेंटवाला नको. कॉलेजमधून येऊन ड्राफ्ट न झालेला, दुसरं-तिसरं वर्ष चालू असलेला असा कोणीतरी घ्या आणि त्याचा सीझनभराचा प्रवास बघा. टीमवर जीव जडायला वेळ लागतो, माणसावर पटकन जडतो.

एक सूचना. सर्च करताना इग्नाइट नावाच्या टीमचे खूप व्हिडिओ समोर येतील, जेलन ग्रीन, जोनाथन कुमिंगा, स्कूट हेंडरसन वगैरे. ती टीम आता नाही. कॉलेजला न जाता थेट पैसे घेऊन खेळू इच्छिणाऱ्या शाळकरी स्टार मुलांसाठी २०२० मध्ये ती काढली होती, जेलन ग्रीन तिथून २०२१ ला दुसऱ्या नंबरवर ड्राफ्ट झाला. पण २०२१ पासून कॉलेजच्या प्लेअरना पण स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता यायला लागले, मग इकडे यायचं कारणच उरलं नाही, शेवटच्या रेग्युलर सीझनला फक्त दोन मॅच जिंकून २०२४ ला टीम बंद झाली. मला वैयक्तिक वाटतं की कल्पना चांगली होती पण १८-१९ वर्षांची पोरं एका टीममध्ये घालून अनुभवी माणसांसमोर उभी केली की हरण्याचीच सवय लागते, आणि तसंच झालं.

सीझन कसा चालतो

ऑक्टोबरमध्ये जी लीगचा स्वतःचा ड्राफ्ट होतो. वयाची अट १८ पूर्ण. नोव्हेंबरमध्ये मॅच सुरू होतात आणि इथे नवीन माणूस हमखास अडकतो, कारण सुरुवातीच्या मॅच रेग्युलर सीझनच्या नसतातच. आधी टिप-ऑफ टुर्नामेंट, २०२४-२५ ला प्रत्येक टीमच्या १६ मॅच होत्या, मग डिसेंबरमध्ये विंटर शोकेस, जिथे सगळ्या टीम एकाच शहरात येतात (आधी लास व्हेगास, २०२३ पासून ऑरलँडो), आणि त्यानंतर गुण शून्यावरून सुरू होऊन रेग्युलर सीझन, २०२४-२५ ला तो ३४ मॅचचा होता. डिसेंबरच्या शेवटी तुमची टीम टेबलमध्ये ०-० दिसली तर साइट बिघडलेली नाही.

शोकेस नक्की बघा. एका कन्व्हेन्शन सेंटरमध्ये कोर्ट टाकलेली असतात, दिवसभर मॅच चालतात आणि कोर्टच्या कडेला एनबीएच्या सगळ्या टीमचे स्काउट आणि मॅनेजर वह्या-लॅपटॉप घेऊन बसलेले. आणि आठ-पंधरा दिवसांत दहा दिवसांच्या करारांची तारीख येणार असते, हे कोर्टवरच्या प्रत्येकाला माहिती असतं.

प्लेऑफ मार्चच्या शेवटी-एप्रिलमध्ये. एनबीएसारख्या सात मॅचच्या मालिका इथे नाहीत, फायनलपर्यंत एक मॅच हरलात की घरी, फायनल मात्र तीन मॅचची.

भारतातून किती वाजता बघायचं

मॅच बघायला एनबीएचं अ‍ॅप आणि जी लीगची साइट इथून सुरुवात करा, वेळापत्रक पण तिथेच. वेळेचं गणित असं: नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. टेक्सस, आयोवा वगैरे मधल्या पट्ट्यातले सात म्हणजे आपले साडेसहा. कॅलिफोर्नियातले सात म्हणजे सकाळचे साडेआठ, म्हणजे स्टॉकटन आणि सँटा क्रूझच्या घरच्या मॅच आपल्याकडे नाश्त्याच्या वेळेला येतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं पुढे जातात, मग हे सगळं एक तास अलीकडे घ्या.

पण खरी मजा शाळेच्या मॅचमध्ये आहे. बऱ्याच टीम सीझनमध्ये एखाद-दोन मॅच शाळेच्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराला ठेवतात, गावातल्या शाळा बसेस भरून मुलांना घेऊन येतात. पूर्व किनाऱ्यावर सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, जेवण झालेलं, मस्त वेळ! आणि हजारो मुलं प्रत्येक बास्केटला अशी किंचाळत असतात की घरातले विचारतात हे नक्की काय लावलंय. पहिली मॅच बघायची असेल तर वेळापत्रकात सकाळची मॅच शोधा.

नियमातले फरक, पटकन

१२ मिनिटांचे चार क्वार्टर, थ्री पॉइंटची रेष, हे एनबीएसारखंच. दोन गोष्टी वेगळ्या दिसतील. एक, फ्री थ्रो एकच मारतात आणि त्याचेच एक, दोन किंवा तीन पॉइंट मिळतात, २०१९ पासून हे चालू आहे, चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं आणि ओव्हरटाइम सोडून. याने मॅच बरीच वेगात संपते, पण दोन पॉइंट एकाच थ्रोवर म्हणजे प्रेशर पण डबल. दुसरं, ओव्हरटाइमला घड्याळ नाही, जो आधी सात पॉइंट करेल तो जिंकला, २०२२-२३ ला हे आलं.

एनबीए आपले प्रयोग आधी इथे करून बघते. कोचला रेफरीच्या निर्णयाला चॅलेंज करता येणं, ऑफेन्सिव्ह रिबाउंडनंतर शॉट क्लॉक २४ ऐवजी १४ वर येणं, मुद्दाम फाउल करून फास्ट ब्रेक अडवणाऱ्याला जास्तीची शिक्षा, हे सगळं आधी इथे आलं आणि मग वर गेलं.

मॅचमध्ये बघायचं काय

सुरुवातीला सगळ्यांची नजर पॉइंटवर जाते. अमक्याने ३५ मारले, मग याला एनबीएवाले का घेत नाहीत? मॅक मॅकलंग बघा, २०२३, २०२४ आणि २०२५ असा सलग तीनदा एनबीएच्या डंक काँटेस्टचा विजेता, २०२४ ला जी लीगचा एमव्हीपी, आणि तरी एनबीएत पक्की जागा मिळवायला त्याला कायम झगडावं लागलंय. कारण वरच्या टीमला ३५ मारणारा नको असतो, तो त्यांच्याकडे आधीच आहे आणि त्याला चाळीस-पन्नास मिलियन डॉलर देतात. त्यांना नववा-दहावा माणूस हवा असतो, जो बारा मिनिटं येईल, समोरच्याला धरून ठेवेल, कोपऱ्यात मोकळा उभा राहून थ्री मारेल आणि बॉल हातात ठेवणार नाही.

म्हणून एक क्वार्टर असा बघा: बॉलकडे बघायचंच नाही, तुम्ही निवडलेल्या प्लेअरकडेच बघायचं. बॉल दुसऱ्या बाजूला असताना तो काय करतो? कोपऱ्यात गुडघे वाकवून, हात छातीशी तयार ठेवून उभा आहे की कमरेवर हात? समोरच्याने त्याला स्क्रीन लावला (वाटेत उभं राहून अडवलं) की तो वरून जातो, खालून जातो की अडकून पडतो? शॉट चुकला की पळत मागे येतो की रेफरीकडे हात पसरून बघत बसतो? एखादा पास चुकल्यावर बेंचकडे बघतो का? स्काउट हेच टिपतात, आणि पाच-सहा मॅच असं बघितलंत तर कोण वर जाणार याचा अंदाज तुम्हाला पण येऊ लागेल, माझा यावर पूर्ण विश्वास आहे.

उदाहरण अ‍ॅलेक्स करुसो. २०१६ ला ड्राफ्ट झाला नाही, ओक्लाहोमा सिटी ब्लू या खालच्या टीममध्ये खेळला, मग लेकर्सचा टू-वे आणि साउथ बे. स्कोअरर म्हणून नाही, डिफेन्सवर त्याने जागा मिळवली. २०२० ला लेकर्सबरोबर आणि २०२५ ला ओक्लाहोमा सिटीबरोबर एनबीए चॅम्पियन. त्याच २०२५ च्या टीममधला लू डोर्ट पण ड्राफ्ट न झालेला, टू-वेवर आलेला आणि ओक्लाहोमा सिटी ब्लूमधूनच गेलेला. फायनलमध्ये समोर इंडियानाकडून सियाकाम. म्हणजे एनबीए फायनलच्या कोर्टवर ही तीन माणसं या "खालच्या" लीगमधून आलेली.

आकडे बघायचेच असतील तर पॉइंटच्या आधी थ्रीची टक्केवारी बघा, टर्नओव्हर बघा, आणि किती मिनिटांत किती फाउल केले ते. इथला खेळ वेगवान असतो, पझेशन जास्त होतात, त्यामुळे पॉइंट फुगलेले दिसतात.

ट्रान्झॅक्शनचं पान रोज उघडा

लीगच्या साइटवर रोजच्या अदलाबदलीची यादी असते, कोणाला घेतलं, सोडलं, असाइन केलं, परत बोलावलं, कॉल-अप झाला (एनबीएत बोलावणं आलं). दिसायला रुक्ष, एका ओळीत एक नाव. पण तुमचा निवडलेला प्लेअर त्यात आला की काळजात धस्स होतं, कारण ती ओळ चांगली पण असू शकते आणि वाईट पण. जानेवारीचा पहिला पंधरवडा, फेब्रुवारीत ट्रेडची मुदत संपल्यानंतरचे दिवस आणि एप्रिलमधला एनबीए सीझनचा शेवटचा आठवडा, या तीन वेळा हे पान सोडू नका.

सीझनचा शेवटचा आठवडा का, तर आंद्रे इंग्रॅम. २००७ ला युटा फ्लॅशमधून त्याने डी लीगमध्ये सुरुवात केली. फिजिक्स शिकलेला, पैसे पुरावेत म्हणून मुलांची गणिताची शिकवणी घ्यायचा. थ्री अप्रतिम, पण फोन येत नव्हता. दहा वर्षं गेली. एप्रिल २०१८ ला, सीझनच्या शेवटच्या दोन मॅच उरलेल्या असताना लेकर्सने साउथ बेमधून त्याला वर बोलावलं. १० एप्रिलला ह्यूस्टन रॉकेट्ससमोर, वयाच्या ३२ व्या वर्षी, पहिली एनबीए मॅच. पाचपैकी चार थ्री आत, १९ पॉइंट, आणि अख्खं स्टेपल्स सेंटर त्याच्यासाठी "एमव्हीपी, एमव्हीपी" ओरडतंय. याचा व्हिडिओ आधी बघा आणि मग बाकीचं वाचा असं सांगितलं तरी चालेल इतका तो महत्त्वाचा आहे. केसात पांढरे दिसतात त्याच्या.

आणि जेरेमी लिन. २० जानेवारी २०१२ ला डी लीगच्या ईरी बेहॉक्सकडून २८ पॉइंट, ११ रिबाउंड, १२ असिस्ट, आणि दोन आठवड्यांनी ४ फेब्रुवारीला न्यूयॉर्क निक्सकडून नेट्ससमोर २५ पॉइंट, मग तो रातोरात स्टार कसा झाला ते सगळ्या जगाला माहितीय. पण ईरीची ती मॅच किती जणांनी बघितली असेल?

आपली माणसं

आता स्टॉकटनचं ते कारण. सॅक्रामेंटो किंग्ज २०१३ मध्ये विकत घेणाऱ्या गटाचे प्रमुख विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. एप्रिल २०१५ ला सात फूट पाच इंच उंचीचा सिम भुल्लर, कॅनडात वाढलेला पंजाबी मुलगा, रीनो बिगहॉर्न्समध्ये खेळत होता, त्याला सॅक्रामेंटोने दहा दिवसांच्या करारावर बोलावलं आणि तो एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला प्लेअर झाला. तीच रीनोची टीम २०१८ ला स्टॉकटनला गेली आणि स्टॉकटन किंग्ज झाली. २०१९ ला मुंबईत एनएससीआय डोमला एनबीएच्या मॅच झाल्या, इंडियाना पेसर्ससमोर होती ती पण सॅक्रामेंटोच.

भारतात जन्मलेल्यांपैकी सतनाम सिंग २०१५ ला ५२ व्या नंबरवर डॅलसने ड्राफ्ट केला, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, आणि तो टेक्सस लेजेंड्सकडून खेळला. पलप्रीत सिंग ब्रारला लाँग आयलँड नेट्सने घेतलं होतं, अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून खेळला, प्रिन्सपाल सिंग दिल्लीजवळच्या एनबीए अकॅडमीतून पुढे इग्नाइटमध्ये गेला. सगळे पंजाब-चंदीगडकडचे. पुण्या-नागपूरच्या कोर्टवरून अजून कोणी तिथे पोचलेलं नाही, आणि पोचावं असं मला फार वाटतं.

कोणी खेळणारा मुलगा किंवा त्याचे आई-बाबा हे वाचत असतील तर दोन शब्द. जी लीगच्या टीम सीझनच्या आधी ओपन ट्रायआउट (निवड चाचणी) घेतात, फी भरून कोणीही जाऊ शकतं. जोनाथन सिमन्स २०१३ ला १५० डॉलर भरून ऑस्टिन टोरोजच्या ट्रायआउटला गेला आणि २०१५ ला सॅन अँटोनियो स्पर्सकडून एनबीएत खेळला. पण असे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, आणि त्याच्याकडे कॉलेजचा पाया होता. जी लीग हा भारतातून निघाल्यावरचा पहिला टप्पा नाही, आधी परदेशातलं हायस्कूल, कॉलेज किंवा अकॅडमी आणि तिथला खेळ, मग हे. ट्रायआउटची तारीख आणि फी टीमच्या स्वतःच्या साइटवर जाहीर होते, "आम्ही जी लीगमध्ये जागा मिळवून देतो" म्हणून लाखो रुपये मागणारा कोणी भेटला तर तिथेच नमस्कार करून निघा, अशी जागा कोणीच विकू शकत नाही.

तिकडे राहत असाल तर

अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळींनी तर घरी बसून बघूच नये. डॅलसकडच्या लोकांना फ्रिस्कोत टेक्सस लेजेंड्स आहे, बे एरियातून सँटा क्रूझ, टोरांटोकडच्यांना मिसिसागाचं ९०५, फिलाडेल्फियाच्या बाजूच्यांना विल्मिंग्टनची डेलावेअर ब्लू कोट्स, वॉशिंग्टनला कॅपिटल सिटी गो-गो, अटलांटाला कॉलेज पार्क स्कायहॉक्स. तिकीट एनबीएच्या मानाने अगदी स्वस्त, हॉल छोटे, सँटा क्रूझचा तर अडीच हजारांच्या आसपासचा. कोच टाइमआउटला काय बोलतो ते ऐकू येतं, बूट कोर्टवर घासल्याचा आवाज ऐकू येतो, आणि सहा फूट आठ इंचाचा माणूस दहा फुटांवरून पळत गेला की टीव्हीवर कधी न समजलेला वेग समजतो.

शक्यतो बेंचच्या मागची सीट घ्या. मुलांना नेत असाल तर वॉर्मअपच्या आधी, दार उघडताच आत जा, प्लेअर तेव्हा निवांत असतात आणि सही, फोटो, दोन शब्द सहज मिळतात. आणि जायच्या आदल्या रात्री रोस्टर एकदा बघून जा. कोण असाइनमेंटवर आलाय, टू-वेवाला त्या दिवशी वर आहे की खाली, हे दुपारपर्यंत बदलू शकतं, तेव्हा एखाद्या मोठ्या नावासाठी तिकीट काढू नका, तिसऱ्या प्रकारातला माणूस निवडा, तो बहुधा तिथेच असेल. आणि नसलाच तर ट्रान्झॅक्शनचं पान लगेच उघडून बघा.